नियमात बसणारी नदी

वैनगंगेत रोवलेल्या खांबावरून पाण्याची उंची तारेनं टेकडीवरच्या यंत्रात जायची आणि तिथून शून्य आणि एकच्या खुणांत कचेरीतल्या नव्याकोऱ्या संगणकाकडे यायची. खोटा आकडा आत शिरू नये म्हणून वामनरावसाहेबांनी त्याला शिकवून ठेवलं होतं, पंधरा मीटरच्या वरचा आकडा दिसला की हाकलून द्यायचा. आजवर नदी तेवढी चढलीच नव्हती, आणि साहेबांना न विचारता ती चढणार तरी कशी?

त्या दुपारी संगणक सतरा मीटरचे संदेश एकामागून एक नाकारत होता. ट्रकवाला अयूब दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, माही बहीण काठावरच्या गावात आहे. ट्रक नेऊ का? लोकायले बाहेर काढा लागते."

"सतरा मीटर पाणी तुह्या बापानं तरी पाह्यलं का रे? खोटा आकडा आहे तो. डिझेल का फुकट येते?"

तेवढ्यात पडद्यावर एक आकडा उमटला, सगळ्या तपासण्यांतून सुखरूप पार झालेला. शून्य.

"पाह्य, उतरलं पाणी! ठेव चावी, अन् चहा सांग."



नदीनं तो खांबच उपटून नेला होता. टेकडीवर उरलेलं यंत्र तुटक्या तारेतलं शून्य इमानदारीनं पाठवत होतं.