इनेमावशीचा अंगठा

टोकियोत एका बँकेच्या मालकाला देशाचा शत्रू ठरवून गोळी घालून तोकुजी तुरुंगात गेला आणि गावाला तो देवमाणूस वाटू लागला. त्याच्या राष्ट्रभक्त मंडळाने दयेचा अर्ज काढला. गावात घराघरातून त्यावर अंगठे उमटले. काहींनी तर बोट कापून रक्ताचे उमटवले.

शेवटी शाळेतले गुरुजी अर्ज घेऊन त्याच्या आईकडे, इनेमावशीकडे आले. ती सकाळपासून घरात नुसत्या येरझारा घालत होती. चुलीवरचा भात करपला तरी तिला पत्ता नव्हता.

"मावशी, सगळं गाव झालं, आता तुमचाच अंगठा राहिला. न्यायाधीशांचंही मन वळलंय म्हणे. नव्या वर्षाचे तांदळाचे मोची-लाडू खायला पोरगा घरात असेल बघा."

इनेमावशीने अंगठा शाईत बुडवला, कागदापर्यंत नेला आणि किमोनोच्या बाहीला पुसून टाकला.

गुरुजी चपापले. "अहो, आई ना तुम्ही त्याची?"

"म्हणून तर परवा तुरुंगात भेटायला गेले होते, गुरुजी. विचारलं त्याला, सुटलास की सरळ घरी येशील ना रे?"

"मग?" गुरुजींनी विचारलं.

 

"म्हणाला, 'येईन की आई. पण आधी अजून एकाला मारायचं राहिलंय.'"