साहेबांचा खाऊ

उद्या सुट्टीला सगळी पोरं येणार, केक खाणार, आणि आमच्या साहेबांनी नुसतं बघत बसायचं? मी सकाळीच ओव्हन तापवला. साहेब म्हणजे बाबांचा कुत्रा. दर सुट्टीला त्याचा खाऊ बाबाच करायचे. या वेळी मी केला.

लाल भोपळा उकडून कुस्करला, त्यात ओट्सचं पीठ आणि अंडं घातलं. साखर नाही, मीठ नाही. चॉकलेट आणि बेदाणे तर कुत्र्याला विषच. वास सुटला तसा साहेब ओट्याशी येऊन शेपटीने कपाट बडवू लागला. मीही लहान मुलीसारखी ओव्हनच्या काचेतून डोकावत होते.

आई टेबलाशी बसली होती. बाबा गेल्यापासून ती पुढ्यात येईल ते मुकाट्याने खायची. खारट असो, करपलेलं असो, "छान झालंय" म्हणायची आणि अर्ध्यातून उठायची. त्या 'छान'ची मला भीती वाटू लागली होती.

पहिला ट्रे बाहेर आला. चाखल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही, ही आईची जुनी सवय. तिने एक बिस्कीट मोडून तोंडात टाकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अगं, यात मीठ ना साखर! चांगल्या भोपळ्याची माती केलीस. कुत्रा झाला म्हणून त्याला जीभ नाही का?"

मी साहेबाला गच्च मिठी मारली.

"अहो साहेब, ऐकलंत का? आई रागावली!"