कोवळ्या ताऱ्याचा भडका

केतकीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिच्या थोरल्या बहिणीच्या, सुमेधाच्या मनगटावरचं यंत्र थरथरलं. अंतराळातल्या त्यांच्या वसाहतीजवळचा कोवळा तारा स्वतःभोवती फिरणाऱ्या चकतीतला वायू ओढून घेत अजून वाढत होता. पडणारा वायू तापून चमकायचा. त्या जादा उजेडावरून किती वायू पडतोय हे मोजणं सुमेधाचं काम होतं. आज चकतीच्या आतल्या कडेवरून वायूचा प्रचंड गोळा सुटला होता. तो ताऱ्यावर आदळला, तर उठणारा भडका वसाहतीच्या पातळ छपराला सोसणार नव्हता.

मागच्या वेळी तिनं इशारा दिला होता आणि काहीच झालं नव्हतं. सुमेधानं बहिणीकडे एकदा पाहिलं आणि भोंगा वाजवला.

सगळं वऱ्हाड भुयारात उतरलं. बऱ्याच वेळानं यंत्रावरचे आकडे उतरले. ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रानं तो गोळा वाटेतच बाहेर भिरकावला होता.

"म्हणजे काही होणारच नव्हतं!" केतकीचे सासरे चिडून म्हणाले.

"झालं नाही, एवढंच मला सांगता येईल," सुमेधा म्हणाली.

केतकी तिच्याजवळ आली. "ताई, उद्या पुन्हा असंच दिसलं तर?"

"पुन्हा वाजवीन."

केतकीनं मान डोलावली. मग गुरुजींना म्हणाली, "इथंच लावा लग्न."

सासरे जरा बाजूला सरकले आणि त्यांनी सुमेधाला पुढं उभं राहायला जागा करून दिली.