मागचा माणूस

शेवटच्या वळणावर घड्याळजीचा दम संपला. माथा समोर दिसत होता, पण पाय पेडल मारायला तयार नव्हते. तो सायकलवरून उतरला आणि रस्त्याकडेच्या तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर मटकन बसला.

आजवर तो या वळणावर कधी थांबला नव्हता. दर वर्षी दुकान बंद ठेवून नवराबायको ही डोंगरवाट सायकलने करायचे. माथ्यावर तो आधी पोचायचा आणि दगडावर बसून तिची वाट बघायचा. ती खूप वेळाने उगवायची. "आली आमची मालगाडी!" तो म्हणायचा. ती हसायची. शेवटच्या खेपेला मात्र तो चारचौघांसमोर तिच्यावर ओरडला होता, "झेपत नाही तर येतेस कशाला?" तेव्हा ती हसली नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली.

आपल्या हौसेपायी आपण तिला जन्मभर चढावर राबवलं, ही बोच घेऊन तो यंदा एकटाच निघाला होता. माथ्यावर पोचायचं आणि तिची माफी मागायची, एवढंच त्याला करायचं होतं.

शेजारच्या खोपटातून एक म्हातारा लाकूडतोड्या पाणी घेऊन आला. जंगलतोड बंद झाल्यावर सगळे खाली उतरले, हा एकटाच वर राहिला होता.

"बसा हो निवांत. फक्त त्या खाचेत पाय घालू नका."

बुंध्याभोवती मनगट मावेल एवढी खोल खाच पडली होती.

"दोराची आहे," म्हातारा म्हणाला. "ओंडके इथूनच खाली सोडायचो. पुढे दोघं, वाट दाखवायला. मागे एक जण, बुंध्याला वेढे देऊन दोर हळूहळू सैल करणारा. पुढच्यांची ऐट काय विचारता! मागच्याच्या हातून दोर सुटला असता तर भुगा झाला असता त्यांचा."

"आमची ही नेहमी मागेच असायची," घड्याळजी म्हणाला. "फार हळू चालवायची."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "लाल टोपीवाल्या बाई? त्यांचे मालक का तुम्ही?"

"हो. गेली ती."

म्हातारा त्याच्या शेजारी बुंध्यावर टेकला.

"हळू कुठल्या हो! इथे आल्या की माझा कॅन उचलायच्या, खालच्या झऱ्यावर जाऊन भरून आणायच्या. सायकलला बांधून. म्हणजे हा चढ दोनदा. मी एकदा विचारलं, बाई, एवढी ताकद आहे तर मालकांच्या पुढे का नाही जात?"

"मग?"

"म्हणाल्या, 'डॉक्टरांनी ह्यांना चढ संपला की तासभर बसायला सांगितलंय. स्वतःसाठी बसतील तर शपथ. माझी वाट बघायला मात्र बसतात.'"