समोरची रांग

“तुमचं कोण होतं हो मावशी, म्हणून दर आठवड्याला हा दगड पुसता?”

औषधांच्या दुकानदाराने सहज विचारलं. तो स्मारक समितीचा अध्यक्ष. पुलाच्या लढाईत कामी आलेल्या गल्लीतल्या जवानांची नावं चौकातल्या दगडावर कोरलेली होती. त्यात त्याचा धाकटा भाऊही होता.

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी ओलं फडकं पिळलं. “माझा मुलगा,” त्या म्हणाल्या. “तोही पुलावरच गेला. त्याच दिवशी.”

दुकानदार चमकला. लढाई संपल्यावर मावशी इथे भावजयीकडे राहायला आल्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर त्यांनी शिवलेले कपडे होते, पण त्यांच्या घरी कोण होतं, कोण नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. उलट ‘मावशी, दगड झिजेल हो’ म्हणून तोच त्यांची थट्टा करायचा. आणि गेल्या स्मृतिदिनाला पाय दुखले म्हणून त्या समोरच्या रांगेत टेकल्या, तेव्हा त्यानेच त्यांना चारचौघांत उठवलं होतं. “ही रांग घरच्यांसाठी आहे, मावशी.” त्या मुकाट्याने मागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

आता ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत समिती बसली. समिती म्हणजे तिघंच: तो, शाळेतल्या बाई आणि पेंटर. भिंतीवर भावाचा फोटो होता, टोपी ऐटीत उजवीकडे कललेली. आपल्या फौजेची ती रीतच. चौकातली पोरं अजून लढाई-लढाई खेळत, आणि ज्याच्यावर शत्रू व्हायची पाळी येई तो रडवेलं तोंड करून टोपी डावीकडे सरकवी.

“पण त्यांचा मुलगा आपल्या गल्लीतला नव्हता ना?” पेंटर म्हणाला.

“मावशी गल्लीतल्या, म्हणजे तोही गल्लीतला,” बाई कडाडल्या. “इतकी वर्षं दगड पुसून घ्यायला चाललं आणि आता नियम आठवतात होय रे तुला?”

मग तिघंही उठून मावशींच्या खोलीवर गेले.

मशीनवर अर्धवट फ्रॉक होता. मावशींनी गळ्यातली टेप काढून ठेवली आणि कापडांचा ढीग सरकवून त्यांना बसायला जागा केली. नाव कोरायचं ऐकताच मात्र त्यांनी हात जोडले.

“नको हो. त्या दगडावर नको.”

“तुमचा राग आम्हाला समजतो, मावशी.”

“राग कसला? मलाच लाज वाटते.”

“लाज तर आम्हाला वाटायला हवी!” दुकानदाराचा आवाज चिरकला.

मावशींनी फ्रॉकची झालर सरळ केली. “त्याचं नाव कुठंच नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्या गावीसुद्धा कुणी लिहिलं नाही. कुठंतरी असावं, असं फार वाटतं. खोटं कशाला बोलू?”

“शेवटी कसा होता, काही कळलं?” बाईंनी हळूच विचारलं.

“त्याच्या सोबतचा एक जण घरी येऊन सांगून गेला. जागचा हलला नाही म्हणे. तुमच्या पोरांच्या अगदी समोर होता.”

“ऐकलंत?” दुकानदाराने डोळे पुसले. “आपल्या पोरांच्याही पुढे! आणि आपण त्याच्या आईला मागे उभं केलं.”

मावशींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण बाईंनी त्यांना मिठीच मारली, आणि ते बोलणं राहून गेलं. पेंटरने नाव विचारलं. मावशींनी ते इतक्या हळू सांगितलं, की त्याला दोनदा विचारावं लागलं.

स्मृतिदिनाला चौक भरला. टेबलावर जवानांचे फोटो ओळीने मांडले होते, शेवटी एक जागा रिकामी होती. मावशी उशिरा आल्या, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली तसबीर पोटाशी धरून. दुकानदाराने हाताला धरून त्यांना समोरच्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसवलं.

“गेल्या वर्षी याच खुर्चीवरून मी यांना उठवलं,” तो माइकवर म्हणाला. “मला स्वतःची लाज वाटते. माझ्या भावाच्या पुढे छाती काढून उभा राहिला, त्या पोराची ही आई आहे.”

त्याने दगडावरचं कापड ओढलं. शेवटचं नाव नवंकोरं चमकत होतं. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या, डोळे भरून येईपर्यंत. पुष्कळजण रडले, पेंटरसुद्धा.

दुकानदार त्यांच्यापुढे वाकला. “मावशी, मला माफ करा.”

मावशींनी तसबीर त्याच्या हातात दिली.

“आधी फोटो बघा,” त्या म्हणाल्या. “माफी कुणी कुणाची मागायची, ते मग ठरवू.”

त्याने अभ्रा बाजूला केला. कोवळा पोरगा होता. हसरा चेहरा, मिसरूड नुकतंच फुटलेलं, गणवेशाच्या कॉलरवर आईच्या हातची बारीक टीप, आणि टोपी ऐटीत डावीकडे कललेली.