मोनिका मॅडमचं ऑफिस

“सिल्व्हिया मॅडम मीटिंगमध्ये आहेत,” मार्थाबाईंनी फोनवर सांगितलं. सिल्व्हिया मॅडम समोरच फरशीवर बसून शेंगा सोलत होत्या.

“मी? मी मोनिका, ऑफिसमधून बोलतेय. नाही हर्षल सर, उद्यापर्यंत नाही होणार. ठेवते.”

मार्थाबाईंनी फोन ठेवला आणि लेकीकडे पाहिलं. “एवढंच असतं. दोन वाक्यं.”

“मला नसतं जमलं, मम्मी.”

“म्हणून तर मोनिकाला ठेवलं. जरा बाहेर फिरून ये आता. ऊन उतरलंय.”

श्रीरामपुरातल्या तीन खोल्यांच्या घरात हे ऑफिस त्याच दिवशी उघडलं होतं. सिल्व्हिया पाच वर्षं घरी बसून इंग्रजी माहितीपुस्तिकांचं मराठी करायची. पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रं, दूध काढायची मशिनं. येईल ते काम घ्यायची. मागच्या वर्षभरातल्या तिच्या सुट्ट्या तीन. पैकी दोन तापाच्या.

मग मार्चमध्ये एका सकाळी दूध उतू गेलं, गॅस विझला, आणि ती शेजारी उभी राहून नुसती बघत राहिली. त्याच दिवशी पंपाचं एकच वाक्य तिने अकरा वेळा वाचलं आणि रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, “काम निम्म्यावर आणा. नाहीतर सगळंच सोडावं लागेल.”

मार्थाबाई एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या आणि शाळेत दहावीला इंग्रजी शिकवायच्या. दीडशे मुलींना त्यांनी वेळेवर झोपवलं होतं; एका मुलीचं त्यांना काय. त्यांनी सिल्व्हियाचा कामाचा फोन ताब्यात घेतला. लॅपटॉप आपल्या कपाटात ठेवला.

“स्क्रीन बंद म्हणजे बंद. कागदावर पेनने लिही.”

“आणि टायपिंग?”

“ते ऑफिस बघेल.”

आठवड्याला दोन कामं मिळायची, तीही छापील कागदांवर, वसतिगृहात साबणाच्या वड्या मोजून द्याव्यात तशी. “कुणाचं आहे गं हे?” सिल्व्हिया विचारायची.

“वाचायचंय तुला का चौकशी करायचीय?”

रविवारी सकाळी दोघी चर्चला जायच्या. दुपारी सिल्व्हियाने क्वायरच्या गाण्यांच्या सरावाला गेलंच पाहिजे, असा नियम होता. मार्थाबाईंचं मात्र त्या वेळी हटकून डोकं दुखायचं. त्या दार लावून पडायच्या. संध्याकाळी सिल्व्हिया मैत्रिणीबरोबर, एंजेलाबरोबर, कॅनॉलपर्यंत चालून यायची. जूनपर्यंत तिला आठ तास झोप लागायला लागली. जुलैत तिचा ब्लाउज दंडाला घट्ट झाला, तेव्हा मार्थाबाईंनी तो कौतुकाने शेजारणीला दाखवला.

बरं वाटायला लागलं तशी काळजीलाही ताकद आली.

“मम्मी, हर्षल सरांचा फोन हल्ली येतच नाही का?”

“नाही.”

“एकदाही नाही?”

“त्यांना दुसरं कुणी मिळालं असेल. बरं झालं, पीडा गेली. शनिवारी काम टाकून सोमवारी मागणारा माणूस.”

हर्षल सर म्हणजे सिल्व्हियाचं निम्म्याहून जास्त काम. ते नगरला भाषांतराचं ऑफिस चालवत. पाच वर्षांत दोघांची गाठ कधी पडली नव्हती, फोनवरही ती ‘हो सर’पलीकडे बोलायची नाही, पण बाजारात तिचं नाव झालं होतं ते त्यांच्यामुळे. त्यांचे पैसे नेहमी चार-चार महिने मागून यायचे, त्यामुळे खात्यात अजून जुन्या कामाचे येत होते. ते संपले की पुढे काय, हा विचार तिला आता रोज पहाटे उठवायला लागला. आठाची झोप सहावर आली. पुन्हा दूध उतू जायच्या आत काहीतरी करायला हवं होतं.

मंगळवारी तिने घरात सांगितलं, एंजेलाकडे जातेय, संध्याकाळ होईल.

“जा की,” मार्थाबाई म्हणाल्या. “सावकाश ये. अजिबात घाई करू नकोस.” डबासुद्धा दिला.

नगरच्या बसमध्ये राहुरीपर्यंत ती माफीचं वाक्य मनात घोळवत होती. नगर आलं तेव्हा ते पाठ झालं होतं, आणि सावेडीतल्या ऑफिसच्या पायऱ्या चढताना पार विसरून गेलं.

हर्षल सर चाळिशीचे होते, चष्मा कपाळावर चढवलेला. “बोला मॅडम.”

नाव सांगायचा धीर झाला नाही. “इंग्रजी-मराठीचं काम मिळेल का, विचारायला आले होते.”

“बसा. पाणी घ्या.” त्यांनी बाटली पुढे केली. “खरं सांगू? सहा महिन्यांपूर्वी आल्या असतात तर हाताला धरून कामाला बसवलं असतं. आता गरजच नाही. श्रीरामपूरच्या आमच्या मोनिका मॅडम सगळं उचलतात.”

सिल्व्हियाने बाटलीचं झाकण फिरवून परत लावलं. “सगळं?”

“काम दुप्पट करून ठेवलं त्यांनी. शनिवारी पाठवा, रविवारी दुपारी बसतात, सोमवारी सकाळी हजर. आणि मराठी काय आहे बाईंचं. एकही चूक सापडत नाही. सुरुवातीला एकदा मला ठणकावून नाही म्हणाल्या होत्या. अर्ध्या तासात स्वतःच फोन करून हो म्हणाल्या. तेव्हापासून नाही हा शब्दच नाही.”

“पण तिथे आधी सिल्व्हिया म्हणून होत्या ना?”

“ओळखता वाटतं? बिचारीला झेपेना, म्हणून मॅडमनी मार्चमध्येच कमी केलं,” हर्षल सर म्हणाले. “पण बाईंचं मन मोठं. वाईट वाटू नये म्हणून अजून आठवड्याला दोन कामं देतात तिला सरावाला, आणि मग तीच कामं स्वतः पहिल्यापासून पुन्हा करतात.”