खटका पडल्यावर

पेट्रोल भरलं की खरवंडीकर सरांची गाडी गचके खाऊन बंद पडायची; एरवी सुरळीत. सरांना काही उमगेना. भेसळच असणार, म्हणून त्यांनी पंपावरच्या कमलची लेखी तक्रार केली. मालकाने तिला उद्यापासून कामावर येऊ नकोस म्हणून सांगितलं.

मेस्त्रीने गाडीखालचा काळा डबा काढून उलटा केला. पेट्रोल ठिबकलं.

“ह्यातला कोळसा टाकीतली वाफ धरून ठेवतो, सर, इंजिन ती ओढून जाळतं. पेट्रोलच शिरलं तर कोळसा कामातून गेला. टाकी भरून नळीचा खटका पडल्यावरही भरायला लावता काय?”

“काठोकाठ लागतं मला. कमल पुरे म्हणते, मीच...”

रिक्षाने सर पंपावर गेले. मालकाकडून तक्रार मागून तिच्यावर लाल पेनाने फुली मारली, खाली लिहिलं, ‘चूक माझी.’

“सर,” कमल म्हणाली, “आता पुरे म्हटलं की पुरे हं!”